लावलेलं बेणं उकरू नये

"आत्या, दादा गेले," एवढंच म्हणून भाच्यानं फोन ठेवला. मी हिंगोलीत घरी भाजी निवडत बसले होते. थोरला भाऊ गेल्यावर बाई रडते. मला मात्र आधी राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही. पुण्यानुमोदनाला जो तो येऊन सांगत होता, "सुदामराव फार सोशिक होते हो." सोशिक! त्या सोसण्यानंच तर घात केला.

कुरुंद्याला आमची हळद. नव्वद सालाच्या आसपास, पाटाच्या पाण्यात उभं राहून राहून दादाच्या डाव्या पायाच्या शिरा फुगल्या. घोट्याच्या वर साधं खरचटलं आणि ती जखम काही केल्या मिटेना. मलमं झाली, वसमत झालं, नांदेड झालं, कुणी सांगितलं म्हणून झाडपालाही झाला. उन्हाळ्यात जरा सुकायची, श्रावणात पुन्हा वाहायची. लग्नकार्यात दादा मांडवाच्या टोकाला बसायचा, लोकांना वास येऊ नये म्हणून. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "भाडेकरू हाय बाबा पायात. भाडं देत न्हाई, घर सोडत न्हाई." सगळे हसायचे, वहिनी तेवढी हसायची नाही. तिला ठाऊक होतं, त्याला एकच धास्ती होती... पाय कापतील. "सरीत उभं राहता आलं न्हाई तर मी कशाचा शेतकरी?" हे तो तिच्याजवळच बोलायचा.

मग बऱ्याच वर्षांनी एका मोठ्या शहरातले डॉक्टर भेटले. मी सोबत होते. गोड बोलणारा माणूस. कमरेच्या हाडातून मज्जा काढायची, तिच्यातल्या स्टेम सेल वेगळ्या करून जखमेत सोडायच्या, म्हणजे नवं मांस धरेल, असं ते सांगत होते. दादाचा चेहरा कोराच. तेव्हा त्यांनी विचारलं, "काय पिकवता?"

"हळद."

"मग झालं तर! हे बेणंच समजा. तुमचंच बेणं, तुमच्याच रानात लावायचं."

दादा असा खुलला म्हणता! हा उपचार अजून अजमावून बघताहेत, लागू पडेल किंवा पडणार नाही, हे काही ते बोलले नाहीत. मज्जा काढून जखमेत सोडली, वर पट्टी बांधली. ती कधी बदलायची ते निघताना कंपाउंडरनं हिंदीत भराभरा सांगितलं. उपचारच खोटा, असं मी म्हणत नाही. मला त्यातलं कळत नाही. पण आपण शब्द कुणाच्या पदरात टाकतोय, हे शिकलेल्या माणसानं बघायला नको?

कारण हळदवाल्याच्या घरात लेकरालासुद्धा ठाऊक असतं, लावलेलं बेणं उकरून बघायचं नसतं. कोंब मोडतो. घरी आल्यावर दादानं कुणाला पट्टीला हात लावू दिला नाही. गावातल्या सिस्टर आल्या, त्यांना चहा पाजून परत पाठवलं. ताप चढला तर म्हणाला, "भुई तापल्याबिगर कोंब येतो व्हय?" अंगणात हळद शिजत होती, घरभर तिचाच वास, पट्टीखालचा वास कुणाला आलाच नाही. शेवटी वहिनीनं भांडून पट्टी सोडली... पाय गुडघ्यापर्यंत काळा पडला होता.

नांदेडात पाय कापला, तरी विष अंगात भिनायचं ते भिनलंच. भाच्यानं त्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "अहो, मी नुसतं उदाहरण दिलं होतं!" उदाहरण! मी दवाखान्यात संतापून बोलत होते तर दादा खाटेवरून मलाच समजावत होता, "त्यायचं काय चुकलं शांते? माझंच रान नापीक." त्याचं हे बोलणं आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मरताना तरी माणसानं दुसऱ्याला बोल लावावा ना!

परवा कुरुंद्याला गेले. घराला कडी होती. वहिनी रानात सापडली. हळदीची लावणी नुकतीच झालेली. ती वरंब्यावर बसून बोटांनी माती बाजूला करत होती आणि एकेक गड्डा उघडा करून बघत होती. शेजारीण बांधावरून ओरडली, "अगं काहून उकरून राहिलीस? कोंब मोडतेत की!"

वहिनीनं मान वर केली नाही. "मोडू दे," म्हणाली. "सडलं का जितं हाय, तेवढं कळू दे."