शैलाची चीड

निखिलचा फोन आला तेव्हा मी शैलाच्याच गच्चीवर कुंड्यांना पाणी घालत होते. "सुमनमावशी, आई गेली..." एवढंच तो बोलला. ऑपरेशनसाठी लेकाकडे पुण्याला जाताना शैला किल्ली माझ्या हातात ठेवून बजावून गेली होती, "रोज वर जा. तुझ्या मर्जीनं पाणी घालू नको, माती बघून घाल." फोन ठेवला, उरलेल्या कुंड्यांना पाणी घातलं आणि मगच खाली उतरले. रडले ती जिन्यात.

त्याला आता दीडेक महिना झाला. भेटायला येणारा जो तो सांगतो, ऑपरेशन केलं नसतं तर शैला अजून चार दिवस राहिली असती. ऐकून ऐकून कान किटले माझे. म्हणून हे लिहायला बसले.

आम्ही दोघी रत्नागिरीत एकाच शाळेत शिकवायचो. ती गणित, मी मराठी. घरंही समोरासमोर. फार वर्षांपूर्वी शिक्षकांची सहल हिमालयात गेली होती. बाकीच्यांनी शाली आणल्या. हिनं रुमालाच्या गाठीत चिडाच्या बिया आणल्या. चीड म्हणजे तिकडचं पाइनचं झाड. तिचे यजमान तेव्हा होते. ते म्हणाले, "घरात एक चीड होतीच, आता दुसरी आली!" शैलाचे दीर आप्पा आंब्याचे बागायतदार, झाडांतलं कळणारे. त्यांनी निकालच देऊन टाकला, "वहिनी, खाऱ्या वाऱ्यावर हिमालयातलं झाड जगतं होय? पहिल्या पावसात कुजेल."

नाही कुजलं. जांभ्याचा चिरा फोडून, चाळून, धूळ काढून ती त्याची बारीक खडी कुंडीत भरायची, म्हणजे पाणी थांबत नाही. पावसाळाभर वर प्लास्टिकचं छप्पर. बियांतून जगलं एकच रोप, पण ते तिनं बोन्साय करून असं वाढवलं की वीतभर खोल कुंडीत मनगटाएवढं खोड झालं, सालीला जुन्या झाडासारख्या भेगा पडल्या. आप्पा दर वर्षी येऊन बघून जायचे आणि दर वर्षी म्हणायचे, "बघू, पुढच्या साली काय होतं ते."

गेल्या हिवाळ्यात मात्र झाड थांबलं. पाणी घातलं की वरच साचून राहायचं. सुया आखूड, पिवळट. मुळांनी कुंडी इतकी भरून गेली होती की झाडच कुंडीबाहेर वर उचललं गेलं होतं. आणि त्याच हिवाळ्यात शैलाला दोन जिने चढले की धाप लागायला लागली. हृदयाची झडप आखडली होती. डॉक्टरांनी दोन्ही वाटा सांगितल्या : ऑपरेशन, पण या वयात धोका मोठा, नाहीतर गोळ्या आणि पडून राहणं. आप्पांचा सल्ला दोन्हीकडे एकच. आहे तसं राहू द्या, हात लावू नका.

माघातल्या एका सकाळी तिनं मला वर बोलावलं. आप्पाही तिथेच होते.

"वहिनी, या वयाच्या झाडाची मुळं कापलीत तर झाड जाईल हां."

"नाही कापली तरी जाणारच आहे, आप्पा. गुदमरून. त्यापेक्षा कापून बघते."

कुंडीच्या कडेनं लहान करवत फिरवून तिनं झाड बाहेर काढलं. आत माती अशी उरलीच नव्हती. मुळं मुळांभोवती गुंडाळून कुंडीच्याच आकाराचा घट्ट गठ्ठा झाला होता. मधे पांढरे तंतू दिसले. मी म्हटलं, "अगो, बुरशी लागलीय." ती म्हणाली, "राहू दे ती. तिच्यावाचून हे झाड जगत नाही." मग काडीनं एकेक मूळ सोडवत, जाड मुळं कात्रीनं तोडत तिनं गठ्ठ्याची फक्त अर्धी बाजू मोकळी केली. सगळी एकदम केली तर झाड सोसत नाही. उरलेली अर्धी पुढच्या माघात. मधेच स्टुलावर बसून धापा टाकायची, पुन्हा उठायची. मी कात्री मागितली तर म्हणाली, "तू खोड धर."

मला राहवलं नाही. म्हटलं, "शैला, तुझं आणि ह्याचं दुखणं एकच गो..."

"काहीतरीच बोलू नको. झाडाला कुणी विचारलं नाही. मला डॉक्टरांनी विचारलंय, आणि मी हो म्हटलंय. खाटेवर पडून छत बघत बसायला मी जन्माला आले नाही."

आप्पा जिना उतरून गेले.

पावसाळ्यात झाडाची खालची एक फांदी वाळली. आप्पा म्हणाले, "सांगितलं होतं." शैलानं ती छाटली नाही. साल सोलून नुसतं पांढरं लाकूड राहू दिलं. "होती, ती गेली. लपवायचं कशाला?" बाकी झाड तगलं. ती पुण्याला गेली आणि आठवड्याभरात शेंड्यांवर नवे कोंब दिसले. ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्यावर तिनं फोनवर एवढंच विचारलं, "कोंब आले?" मी हो म्हटलं, तर खरखरत्या आवाजात हसली. आमचं ते शेवटचं बोलणं. मग संसर्ग झाला आणि...

तेराव्याला आप्पा निखिलला म्हणाले, "तू सही करायला नको होतीस." निखिल स्वभावानं मऊ, पण त्या दिवशी मान वर करून म्हणाला, "काका, आईनं स्वतः ठरवलं होतं. पुन्हा वेळ आली तरी मी सही करीन." त्याचा आवाज कापत होता, शब्द नव्हते कापत. आप्पांनी डोळे पुसले. तेही वहिनीसाठीच रडत होते, हे मला कळत होतं.

कुंड्या कुठल्याशा बागेला देऊन टाका, असंही कुणीतरी सुचवलं. मी किल्ली परत केली नाही. निखिल म्हणाला, "माघात येतो मी. मला मुळं कापायला शिकवाल?" म्हटलं, "मी आजवर फक्त खोड धरलंय रे." तो म्हणाला, "मग तेच धरा."

रोज सकाळी वर जाते. माती बघते, मग झारी उचलते. मोकळ्या केलेल्या बाजूनं पाणी सरळ आत जातं आणि खालच्या भोकातून वाहतं. दुसऱ्या बाजूला अजून थबकतं, साचून राहतं. थबकू दे माघापर्यंत. मग आम्ही आहोत.