एक मिनिट मोटर बंद

कन्हान नदीला पूर आला तेव्हा मी इंजिनिअर रेजिमेंटमध्ये हवालदार होतो. घर सदरला. वीस वर्षं बॉर्डरवर काढली आणि पूर पाहिला तो घरापासून तासाभरावर.

आमच्या दोन रबरी बोटी. पाण्यात मासेमारांचे डोंगेही असायचे. त्यांना मोटर नसायची; वल्ह्यांचा आवाज आमच्या मोटरीखाली बुडायचा. म्हणून हुकूम होता: धुक्यात दर पाच मिनिटांनी मोटर बंद, एक मिनिट नुसतं ऐकायचं. एक शिट्टी म्हणजे 'मी इथे आहे'. उलट दोन आल्या म्हणजे 'ऐकलं'.

पुढे नायक मेश्राम, हातात वल्हं, गळ्यात शिट्टी. मागे मोटरवर मी. ती दोरी ओढून सुरू व्हायची. माझं पोट मध्ये यायचं; सहा-सात झटके लागायचे. बोटीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा चाळीस. धुक्यात मला मेश्रामची पाठच तेवढी दिसत होती. बोटीत नऊ गावकरी. एका म्हातारीसाठी लाइफ जॅकेट उरलं नाही, मेश्रामनं आपलं दिलं.

"उस्ताद, मोटर बंद करा."

"थांब गा, काठ आलाच."

"करा नं. मले काहीतरी ऐकू येऊन राहिलं."

मी केली नाही. पुन्हा दोरी ओढताना म्हातारी हसेल, एवढंच कारण.

डोंगा आडवा आला. त्यात कोणीच नव्हतं. दावं तुटून वाहत आलेला. मेश्रामनं वल्ह्यानं तो जोरात रेटला. आमची बोट वाचली. पुढची जागा रिकामी झाली.

मी मोटर बंद केली. एक शिट्टी आली, डावीकडून. मग मागून. नऊ जण नऊ दिशांना बोट दाखवत होते.

रेडिओवर म्हणालो, "बोट दोन. मेश्राम पाण्यात."

"बोट एक. तुमची शिट्टी ऐकू येतेय. कुठे आहात?"

"शिट्टी बोटीतून नाही."

सहा बावन्नला शिट्टी थांबली. दोन शिट्ट्या द्यायला माझ्याजवळ शिट्टीच नव्हती. तिसऱ्या दिवशी मेश्राम सापडला.

आता रिटायर आहे. बायकोसोबत कधी तलावात पायडल बोट घेतो. मधेच पाय थांबवतो.

"काहून थांबले? मी एकटीच मारून राहिली!"

"एक मिनिट वं."

तीही पाय थांबवते. आजूबाजूच्या बोटींचे आवाज ऐकून होतात. मग खिशातली शिट्टी काढतो आणि दोनदा वाजवतो.