साडूंचे सांगाडे

आमच्या साडूंइतका मरणाला भिणारा माणूस मी पाहिलेला नाही, आणि मरणावर इतका जीव टाकणारा माणूसही पाहिलेला नाही. ही दोन्ही विधानं एकाच माणसाबद्दल खरी कशी असू शकतात, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. सुटतंय असं वाटलं की ते काहीतरी नवीन करून ठेवतात. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. इथे सिंगापुरात एका बँकेत जोखीम मोजण्याच्या खात्यात मोठ्या पदावर आहेत आणि ऑफिसातली जोखीम रोज संध्याकाळी न चुकता घरी घेऊन येतात. ज्या देशात लोक नळाला तोंड लावून पाणी पितात, त्या देशात हौगांगच्या फ्लॅटमध्ये बसून हा गृहस्थ पाणी उकळतो, गाळतो आणि मनात शंका आली म्हणून पुन्हा उकळतो. डास दिसला की यांना डेंगी झालाच. एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, सरकत्या जिन्यावर ते दोन्ही हातांनी कठडा धरतात आणि मागून येणाऱ्या घाईच्या मंडळींना अडवून, घाईने किती माणसं पडतात ते समजावून सांगतात. एकदा मी त्यांच्यासमोर आंब्याची कोय चोखत होतो, तर म्हणाले, "सांभाळून रे, घशात जाईल." आंब्याची कोय! आणि याच माणसाच्या जेवणाच्या टेबलासमोर, वरण-भात कालवताना नजर वर केली की बरोबर दिसेल अशी, एक कवटी टांगलेली आहे.

कवटी चित्रातली आहे, हे लगेच सांगतो. या सगळ्याची सुरुवात दोन हजार बाराच्या आसपास झाली. ताई, म्हणजे माझी मेहुणी, यांना घेऊन युरोपच्या सहलीला गेली होती. आठवड्याभरात अर्धा युरोप आणि रोज रात्री भारतीय जेवण अशा प्रकारची सहल. कुठल्याशा गावात पाऊस आला, बाकीची मंडळी चॉकलेटच्या दुकानात शिरली आणि साडू न्यूमोनियाच्या भीतीने शेजारच्या जुन्या चर्चमध्ये शिरले. आत एका सरदाराची कबर होती. वर दगडात कोरलेला सरदार झोकदार कपड्यांत झोपलेला, आणि खाली तोच सरदार, पण सडलेला, बरगड्या निघालेला, अंगावर किडे. पलीकडच्या भिंतीवर सांगाड्यांची फुगडी चाललेली. एक सांगाडा राजाचा हात धरून नाचतोय, दुसरा धर्मगुरूला ओढतोय, तिसऱ्याने शेतकऱ्याला नांगरावरून उठवलंय, चौथ्याच्या हातात नवी नवरी. साडू तिथे इतका वेळ उभे राहिले की बस खोळंबली, गाइड रडकुंडीला आला आणि ताईला सगळ्या बसची माफी मागावी लागली. "सगळ्यांनी चॉकलेटं आणली," ताई अजून सांगते, "आमच्या ह्यांनी सांगाडे आणले."

तेव्हापासून त्या घराच्या भिंती भरत गेल्या. टेबलासमोरच्या चित्रात कवटीच्या जोडीला विझलेली मेणबत्ती आहे, वाळूचं घड्याळ आहे, उपडा पडलेला पेला आहे आणि अर्धं सोललेलं लिंबू. ते लिंबू इतकं रसरशीत आहे की मला दर वेळी आधी सरबत आठवतं आणि मग मरण. "व्यापारी लोक होते रे, ही चित्रं काढून घेणारे," साडू भाताचा घास हातात धरून सांगायचे. "जहाजं भरभरून पैसा येत होता. म्हणून जेवणाच्या खोलीत मुद्दाम असं चित्र लावायचे. म्हणजे जेवतानाही लक्षात राहावं, की यातलं काही बरोबर न्यायचं नाही. आमच्या खात्यात आम्ही दुसरं काय करतो?" यावर मी लोणचं मागायचो.

ताईने मात्र आपल्या परीने तोड काढली होती. पाहुणे आले की कवटीवर दिनदर्शिका चढायची आणि सांगाड्यांच्या फुगडीवर तिच्या लग्नातला शेला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या सेंगकांगहून नुकतंच लग्न झालेली एक मुलगी आली होती. ताई तिची ओटी भरत असताना पंख्याच्या वाऱ्याने शेला घसरला आणि त्या मुलीच्या डोक्याच्या बरोबर वर, नवरीचा हात धरून दात विचकणारा सांगाडा सगळ्या बायकांना दर्शन देता झाला. मुलगी किंचाळली, तांदूळ सांडले. साडू आतून धावत आले ते तांदूळ वेचायला नव्हेच, त्यांनी त्या मुलीला अगदी प्रेमाने समजावलं, "घाबरू नकोस. हा सगळ्यांनाच नेतो, फक्त नवऱ्यांनाच नाही... म्हणजे, नवरींनाच नाही." त्यांची शाळकरी मुलगी दारात उभी राहून इथल्या लकबीत 'लाह' लावून मला म्हणाली, "काका, इन अवर हाउस हॅलोविन इज होल इयर, लाह."

यावरून शहाणं व्हायचं सोडून इथल्या मराठी मंडळाने त्यांना गणेशोत्सवात 'युरोपची चित्रमय सफर' दाखवायला बोलावलं. लोक मुलाबाळांसह, बर्फ बघायच्या तयारीने आले. पहिल्याच चित्रात किडे होते. त्यानंतर तासभर साडूंनी कवट्या, थडगी, मेलेल्या माणसांच्या चेहऱ्यांचे पांढरे मुखवटे असं सगळं दाखवलं, तेही इतक्या उत्साहाने की कोणाला उठून जाता येईना. शेवटी प्रश्न विचारा म्हटल्यावर एका आजोबांनी विचारलं, "बर्फ पुढच्या भागात आहे का?" त्या वर्षी प्रसादाचे मोदक उरले. मी साडूंच्या बाजूचा की मंडळाच्या, हे मला त्या संध्याकाळी ठरवता आलं नाही. घरी जाताना मात्र बसमध्ये एकटाच हसत होतो.

मग एका रविवारी लिटिल इंडियातून भाजी घेऊन साडू आणि मी त्यांच्या इमारतीशी आलो. तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेत मांडव पडला होता. वरच्या मजल्यावरचे एक चिनी आजोबा गेले होते. इथल्या रिवाजाप्रमाणे शवपेटी मांडवात ठेवलेली, पुढे फोटो आणि उदबत्त्या, आणि गोल टेबलांभोवती नातेवाईक शेंगदाणे सोलत गप्पा मारत बसलेले. असे मांडव इथे काही दिवस असतात. जंतूंना भिणारे आमचे साडू सरळ आत गेले, वाकून नमस्कार केला आणि एका टेबलाशी बसले. मी भाजीच्या पिशव्या सांभाळत शेजारी टेकलो.

"बघ," ते हळूच म्हणाले, "किती दिवस ठेवतात. मुलगा जगाच्या पाठीवर कुठेही असू दे, येऊन पोचतो."

आणि मग त्यांनी शेंगदाणे सोलता सोलता मला ते सांगितलं, जे इतक्या वर्षांत सांगितलं नव्हतं. युरोपच्या सहलीच्या थोडं आधी त्यांचे वडील पुण्यात पहाटे गेले. हे मिळेल त्या विमानाने निघाले. पोचले तेव्हा भाऊ स्मशानातून परत येऊन आंघोळ करून बसला होता. चूक कोणाचीच नव्हती. उन्हाळ्याचे दिवस, लोक खोळंबलेले, आईच म्हणाली होती, उरकून घ्या. "मला बाबांचा शेवटचा चेहराच माहीत नाही," साडू म्हणाले. "सगळे सांगतात ते गेले. माझ्या डोक्यात ते अजून पेपर वाचत बसलेत. युरोपात बरं होतं. माणूस गेला की चेहऱ्यावर प्लास्टर घालून साचा घ्यायचे. ज्याला उशीर झाला, त्यालाही बघायला मिळायचं." मग म्हणाले, "आता आई आहे. चौऱ्याऐंशीची. पुन्हा उशीर झाला तर?"

मी त्यांच्या चित्रांकडे इतकी वर्षं चक्रमपणा म्हणून पाहत आलो होतो. मला फार वाईट वाटलं.

त्या पावसाळ्यात त्यांच्या आई हौगांगला राहायला आल्या. काटक, तोंडाळ, गमतीदार बाई. आम्ही सगळे त्यांना आजीच म्हणायचो. साडूंनी कायमचं राहा म्हणून हरतऱ्हेने विनवलं. त्या म्हणाल्या, "आणि इथे मरायचं तर व्हिसा कुठला घेऊ रे? मी आपली पुण्यात बरी." मग निदान भावाला तरी सांग, मी येईपर्यंत थांब म्हणून, असं साडू म्हणाले. आजींनी मान हलवली. "मला बर्फात घालून ठेवायचं नाही. मला थंडी सोसत नाही."

तेव्हा साडूंनी ते केलं, ज्यापुढे ताईने हात टेकले. त्यांनी हात मोडल्यावर घालतात तशा प्लास्टरच्या पट्ट्या आणल्या आणि आईला सरळ विचारलं, तुझ्या चेहऱ्याचा साचा घेऊ का. ताई स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, जिवंत माणसाचा? शोभतं का हे?" आजी मात्र कवळी काढून वाटीत ठेवत म्हणाल्या, "घे. नाकपुड्या तेवढ्या मोकळ्या सोड."

दिवाणावर आजी उताण्या झोपल्या. आईच्या गालांना व्हॅसलीन लावता लावता जोखमीची सगळी यादी साडूंनी मला ऐकवली आणि आजींच्या नाकापुढे बोट धरून श्वास तपासायच्या कामावर मला बसवलं. ओल्या पट्ट्या चेहऱ्यावर बसल्या, घट्ट व्हायला लागल्या, आणि तेवढ्यात नात म्हणाली, "आज्जी, डोन्ट लाफ, लाह!" त्याआधी आजी हसत नव्हत्या. आता प्लास्टरखाली त्यांचं पोट हलायला लागलं. साडू कळवळून म्हणाले, "आई, गंभीर राहा गं! युरोपात कोणी हसत नाही!" त्यावर तर त्या आणखीच हसल्या.

साचा बिघडला असं साडूंचं मत पडलं. पुन्हा करू म्हणाले, तर आजी म्हणाल्या, "एकदा पुरे." त्यात प्लास्टर ओतून मुखवटा काढायला ताईने साफ बंदी केली; आई जिवंत असेतो नाही म्हणजे नाही. साचा जुन्या पातळात गुंडाळून कपाटावर गेला आणि आजी पुण्याला गेल्या.

पुढच्या वर्षी त्या गेल्या. झोपेतच. साडू पोचले तेव्हा सगळं झालं होतं. आजींनी थोरल्याला, म्हणजे साडूंच्या पुण्यातल्या भावाला, तसं बजावूनच ठेवलं होतं. तेरावं करून ते परतले, तेव्हा मी आणि बायको भेटायला गेलो. डोक्यावर नुकते खुंट फुटलेले, चेहरा ओढलेला. मी सांत्वनाची वाक्यं जुळवत होतो, तर ते म्हणाले, "बरं झालं आलास. जरा प्लास्टर कालवायला मदत कर."

स्वयंपाकघराच्या ओट्यावर आम्ही साच्याला आतून तेल लावलं आणि प्लास्टर ओतलं. घट्ट होईपर्यंत ताईसकट सगळे तिथेच उभे होतो. मग साडूंनी साच्याच्या पट्ट्या एकेक करून सोडवल्या आणि आजी बाहेर आल्या. बोळक्या तोंडाच्या, एक गाल वर चढलेला, डोळे मिटून हसू दाबणाऱ्या. साडूंनी त्या गालाला बोट लावलं. "आई," ते म्हणाले, "झालाच गं उशीर." आणि हमसून रडायला लागले.

ताईने पदराने आजींच्या कपाळावरचं तेल पुसलं आणि म्हणाली, "चला, दर्शन घ्या." मग आम्ही सगळे त्या ओट्यापुढे एकामागून एक वाकलो. माझी पाळी आली तेव्हा समोर म्हातारी हसत होती, शेजारी तिचा मुलगा रडत होता, आणि हात जोडून उभं राहताना कोणाकडे बघावं ते मला कळत नव्हतं.