काल येऊन गेलेली पाहुणी

“सातच्या बाद बुलढाण्यात काय हाय म्हणता? अहो, सातच्या बादच तं बुलढाणा सुरू होते!”

बस स्टँडवर जालन्याच्या गाडीतून उतरलेल्या एका अनोळखी गृहस्थांना आमच्या घरमालकीणबाईंचे भाऊ हे ऐकवत होते. गृहस्थांनी फक्त लॉज कुठे आहे एवढंच विचारलं होतं. आमच्या गावाला नाइटलाइफ आहे असं छातीठोकपणे मानणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात एकच, आणि तो आमच्या वरच्या मजल्यावर एकटा राहतो. सगळे त्यांना मामा म्हणतात.

मामांच्या मते इथे फिरायचे दिवस म्हणजे नवरात्र ते दिवाळी. त्याचे नियम ठरलेले. राजूर घाटात दिवस मावळायच्या आधी पोचायचं आणि खालच्या मोताळ्याकडचे दिवे एकेक लागताना बघायचे. “पयला दिवा चुकला का समदं चुकलं!” घाटात स्वेटर घालायचाच, माझ्या बाबांच्या साहेबांना त्यांनी ऐन ऑक्टोबरच्या उकाड्यात स्वेटर घालायला लावला होता आणि साहेब घाम पुसत “हो, गार आहे” म्हणाले होते. भज्यांचा पहिला घाणा घ्यायचा नाही, दुसरा घ्यायचा. गरब्याला स्पीकरजवळ नाही, जनरेटरजवळ उभं राहायचं, कारण तिथे गर्दी नसते आणि सगळं दिसतं. देऊळगाव राजाला बालाजीच्या जत्रेत आधी आकाशपाळणा, मग जेवण. हे उलटं करणाऱ्या एका जावयाची गोष्ट ते अजून सांगतात, तो जावई समोर बसलेला असला तरी.

पण मामांची खरी खासियत म्हणजे रंगीत तालीम. पाहुणा येण्याच्या आदल्या संध्याकाळी ते सगळा कार्यक्रम जसाच्या तसा करून बघत. पाहुण्याच्या जागी माझे बाबा असायचे. या वर्षी बाबांनी ॲसिडिटीचं कारण सांगून अंग काढून घेतलं आणि मामांनी माझ्याकडे बघितलं. “तू चाल. बोलाचं काही काम नाई, फक्त पाह्याचं अन् खायाचं.” न बोलण्याचं काम मला उत्तम जमतं. माझं शिक्षण इंग्रजी माध्यमात झालेलं, मी तोंड उघडलं की दुकानदार “कुठल्या तुम्ही?” असं विचारतात, म्हणून मी उघडतच नाही.

यंदाचा पाहुणा साधा नव्हता. मामांची पुण्यात राहणारी मुलगी येत होती, वडिलांना कायमचं घेऊन जायला. मामी गेल्यापासून ती मागे लागली होती. मामांनी वाद घातला नाही. “एक संध्याकाळ देजो मले,” एवढंच फोनवर म्हणाले.

तालीम काय सुंदर झाली! पहिला दिवा मलाच दिसला आणि मी चक्क बोट दाखवलं. भज्यांच्या गाडीवरच्या काकूंनी आमच्यासाठी वेगळा घाणा काढला. दूधवाल्यांनी कढईतलं दूध देताना वर बोटभर साय टाकली. मला वाटत होतं, ही संध्याकाळ संपूच नये. मी प्रत्येक ठिकाणी फक्त हसले.

दुसऱ्या दिवशी ताई आल्या. मामांनी मलाही गाडीत बसवलं, का तर “हिले सगळं पाठ हाय.” घाटात पोचलो तर मोताळ्याकडची वीज गेलेली. तिघंही स्वेटर घालून काळोखाकडे बघत उभे राहिलो. तिथून भज्यांच्या गाडीवर आलो. काकू कढई घासत होत्या.

“काऊन ओ, आज बंद?” मामांनी विचारलं.

“मामा, तुमचे पाहुणे तं काल येऊन गेले ना! पोरगी येणार म्हणून तुम्हीच सांगून ठेवलं होतं, त्यायच्यासाठीच थांबली होती मी.” मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “हे काय, तुमची पोरगी! लाजरी हाय लय, पण भजे कसे खाल्ले हो तिनं!”

ताईंनी माझ्याकडे बघितलं. मी स्वेटरच्या बाहीकडे बघितलं.

दुधाच्या दुकानातही कढई पालथी होती. “पोरीले काल साय देल्ली ना, मामा,” दूधवाले म्हणाले. “आज मले काय माहीत?”

मामा दुकानाच्या पायरीवर बसले. त्यांनी स्वेटर काढून त्याची नीट घडी केली. ताई शेजारी बसल्या आणि अगदी मायेनं म्हणाल्या, “बाबा, बघितलंत ना? काय आहे इथं संध्याकाळी? उद्या सामान बांधू या.”

मामांनी मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही. कालचं सगळं, दिवा, भजी, साय, माझ्याच पोटात होतं आणि मी एकटीच साक्षीदार होते. माझे कान तापले. दूधवाले ऐकत होते, रस्त्यावरचे दोघंजणही थांबले होते. तरी मी बोलले, मोठ्यानं, आणि ज्या भाषेत मी आयुष्यात एक वाक्य बोलले नव्हते त्या भाषेत:

“ताई, काल समदं होतं इथं. मामाले नेऊ नका. माहा अर्धा बुलढाणा पाह्याचा राह्यला हाय अजून.”