दर्यावाल्या सरांच्या टाकीतले पिसारे

दुधात लॅक्टोमीटर बुडवून पाहणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. पण लॅक्टोमीटरच खोटा असेल म्हणून दुसरा विकत आणणारा, आणि दोघांचा आकडा जुळल्यावर "म्हणजे हे दोघंई एकमेकाले मिळालेले हायेत" असं म्हणणारा माणूस एकच. ते मी शिकवायचो त्या शाळेतले विज्ञानाचे सर. अख्खं मालेगाव त्यांना दर्यावाले सर म्हणायचं.

मालेगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. उन्हाळ्यात जिथे गोड्या पाण्याची मारामार, तिथे या गृहस्थांनी ओसरीवर काचेच्या टाकीत खारं पाणी सांभाळलं होतं. कॉलेजच्या सहलीत त्यांनी रत्नागिरीचा समुद्र पाहिला आणि त्यांचा पायच निघेना. नोकरी लागल्यावर दर दिवाळीच्या सुटीत ते तिकडे जायचे आणि प्लास्टिकचे कॅन भरून समुद्राचं पाणी आणायचे. वाशीमच्या स्टँडवर कंडक्टर विचारायचा, "पानी कायले वाहून राह्यले सर? गावात पानी नाई काय?" सर उत्तर द्यायचे नाहीत. न जाणो, झाकण उघडून बोट बुडवायचा.

आमच्या खोल्या एकमेकींना लागून होत्या आणि ओसरी सामाईक, त्यामुळे हा संसार मला रोज दिसायचा. टाकीत खडकातल्या डबक्यात सापडलेला बोटाएवढा मासा होता, अंगावर काळे पट्टे असलेला. ट्रकच्या ट्यूबमध्ये हवा भरून सलाईनच्या नळीतून ती पाण्यात सोडलेली. पाणी आटून खारटपणा वाढला का, हे पाहायलाही तोच दुधाचा लॅक्टोमीटर. शाळेतून आल्यावर सर आधी टाकीपाशी, मग आईपाशी. घरात ते आणि त्यांची म्हातारी आई, दोघंच. आई जऊळका गावच्या. आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात राबून, दुष्काळात खडी फोडून त्यांनी मुलाला शिकवलं होतं. नजर अधू झाली होती, पण ओसरीवर पाऊल वाजलं की पहिला प्रश्न ठरलेला, "जेवला काय रे बाबू?"

एका दिवाळीत सरांनी पाण्याबरोबर एक दगडही आणला. महिन्याभरात त्या दगडावर आणि काचेवर खडूच्या कणांसारख्या बारीक नळ्या दिसू लागल्या. प्रत्येक नळीच्या तोंडातून आतल्या किड्याचा चिमुकला पिसारा बाहेर यायचा आणि आपली सावली पडली की झटकन आत जायचा. मला तर ते फार देखणं वाटलं. मी तसं म्हणालो, आणि चूक केली.

"तुमाले आवडले काय?" सर माझ्याकडे रोखून पाहत म्हणाले.

त्या दिवसापासून मी संशयितांच्या यादीत गेलो.

सरांनी ब्लेडने काच खरवडली. दगड बाहेर काढून ब्रशने घासला, नळ्यांत दाभण घालून एकेक किडा उपटला. आठ-दहा दिवसांत पुन्हा तेवढेच. मग त्यांनी पुस्तक काढलं आणि आपल्या पद्धतीने हिशेब लावला. "हा किडा पान्यातल्या उष्ट्यावर जगते, मास्तर. मी माशाले दिवसातून एकदा चिमूटभर सुके झिंगे कुटून घालतो. तेवढ्यात माशाचंच भागत नाई. मंग हे एवढे कोनाच्या जिवावर वाढून राह्यले?"

आधी त्यांनी घरमालकिणीला धरलं. तळ्यावर माशांना कणकेच्या गोळ्या टाकणारी पुण्यवान बाई. टाकीतल्या माशालाही सोडलं नसेल. तिने कानांवर हात ठेवले. "तुमच्या खाऱ्या पान्यात कायचं पुन्य लागते मले!" मग दूधवाला, मग शाळेचा शिपाई. टाकीच्या झाकणावर ते राखेची पुसट रेघ ओढून जायचे. संध्याकाळी रेघ मोडलेली असायची, आणि दुपारच्या सुटीत जेवायला घरी येणारा मी एकटाच होतो. एकदा भर स्टाफरूममध्ये त्यांनी माझ्या बोटांचा वास घेतला. झिंग्यांचा वास आला नाही, तर म्हणाले, "साबन लावलेला दिसते." चार वर्षांची ओळख, आणि ही किंमत! मला रागच आला. मीही बोलणं टाकलं.

पंधरा दिवसांनी सर आपण होऊन माझ्या खोलीत आले. अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती, माझीही टाकून आले होते. "आज तुमी माह्या नजरेसमोर बसा. तरीबी झाकन हललं, तं तुमाले मोकळं केलं." अपमान गिळून मी बसलो, कारण मलाही एकदाचा सोक्षमोक्ष हवा होता. आम्ही दोघं पदवीधर दाराच्या फटीला डोळे लावून उकिडवे बसलो.

थोड्या वेळाने आई बाहेर आल्या. चाचपत टाकीपाशी गेल्या, झाकण सारलं आणि शेजारच्या डब्यातली झिंग्यांची चिमूट पाण्यात सोडली. "उपाशी हायेस काय रे? खाय." आणि आत गेल्या.

सरांनी कपाळावर हात मारला. ते उठणार, तेवढ्यात आई पुन्हा आल्या. पुन्हा झाकण, पुन्हा चिमूट. "सकाळपासून याले कोनी काई घातलंच नाई वाटते." मला हसू येत होतं. आई तिसऱ्यांदा आल्या तेव्हा मी सरांकडे पाहिलं आणि माझं हसू जागीच थांबलं. त्या काही चोरून करत नव्हत्या. पाच मिनिटांपूर्वी आपण इथे येऊन गेलो, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

सरांनी हळूच दार लावून घेतलं. मग म्हणाले, "मास्तर, हे कोनाले सांगू नका." माझी माफी त्यांनी मागितली नाही. मलाही ती आता नको होती.

डबा उचलून वर ठेवा, एवढा साधा उपाय होता. मी तसं सुचवलंही. सरांनी मान हलवली. "डबा लपवला तं तिले समजन, का आपल्यावर कोनाचा डोळा हाये. मंग आईबी माह्यावानी होईन, मास्तर. घरात एक पुरे."

डबा होता तिथेच राहिला. सर रोज पहाटे काच खरवडायचे, तळाचं उष्टं नळीने ओढून काढायचे, कॅनमधलं राखून ठेवलेलं पाणी घालायचे. कॅन संपले. दिवाळी लांब होती. एका सकाळी मासा उलटा तरंगताना दिसला. सरांनी तो कागदात गुंडाळून आईंना न सांगता परसात पुरला. त्या दिवसापासून त्यांनी काच खरवडणं बंद केलं. किडे माजले. दगड, काच, हवेची नळीसुद्धा पिसाऱ्यांनी भरून गेली.

पुढच्या महिन्यात माझी रिसोडला बदली झाली. निरोप घ्यायला गेलो तेव्हा आई टाकीपाशीच उभ्या होत्या. माझ्या आवाजावरून त्यांनी ओळखलं. "मास्तर, माशाले कोनी खाऊ घातलं काय?"

सर दारात होते. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांना भीती होती की मी खरं बोलेन.

"नाही आई," मी म्हणालो. "सकाळपासून उपाशी आहे. तुम्हीच घाला."

आईंनी चिमूट सोडली. त्यांची सावली पडताच सगळे पिसारे मिटले, आणि त्या बाजूला झाल्यावर एकेक करत उघडले. पाण्यात काहीतरी हललेलं त्यांच्या अधू डोळ्यांना दिसलं असावं.

"खाल्लं वाटते," त्या म्हणाल्या.

उभ्या जन्मात कोणाच्या शब्दावर विश्वास न ठेवलेल्या त्या माणसाने माझ्या हातातली वळकटी काढून आपल्या खांद्यावर घेतली आणि तो म्हणाला, "खाल्लं, आई. मास्तरनं पाह्यलं ना."