उजव्या डोळ्यातल्या दीर्घिका

वेधशाळेत त्यांना सगळे भिंगमावशी म्हणत. प्रमुखबाईसुद्धा मावशीच म्हणायच्या, आणि त्या बारा वर्षांनी लहान असल्यामुळे ते शोभायचंही. सव्वीस वर्षं मावशींचं काम एकच. जुन्या दुर्बिणीतून काचेवर घेतलेली आकाशाची छायाचित्रं एकेक करून उजेडाच्या टेबलावर ठेवायची, भिंग डोळ्याला लावायचं आणि दिसेल त्या दीर्घिकेचा, म्हणजे दूरच्या आकाशगंगेचा, प्रकार वहीत लिहायचा.

काचेवर सगळं उलटं असतं. आकाश पांढरं आणि तारे काळे, शाईचे शिंतोडे उडाल्यासारखे. त्यांत जिथे डाग धूसर दिसेल तिथे थांबायचं. त्याला वळलेले हात फुटले असतील तर ती सर्पिल दीर्घिका. हात नाहीत, नुसता गुळगुळीत, कडेकडे विरत गेलेला डाग असेल तर लंबगोल. जिला ना शेंडा ना बुडखा, ती अनियमित. मध्येच एखादा तारकागुच्छ लागायचा. चार लोक गप्पा मारायला जमावेत तसा सुटासुटा असेल तर खुला, आणि मुंग्यांनी साखरेचा खडा झाकावा तसा मधोमध गच्च असेल तर गोलाकार. नवीन आलेल्यांना हे शिकायला वर्ष लागे. मावशी एका काचेवरच्या तीस दीर्घिका चहा निवायच्या आत लिहून मोकळ्या होत.

त्या मंगळवारी सकाळी त्यांच्या डाव्या डोळ्यात काहीतरी गेलं. तो मिटून त्या रुमाल शोधत होत्या आणि सहज समोर पाहिलं, तर दाराची चौकट मध्यभागी फुगलेली दिसली. दोन्ही डोळे उघडले. चौकट सरळ. पुन्हा डावा मिटला. चौकट फुगली.

टेबलावरची पट्टी उचलून पाहिली. पट्टीही वाकडी. आणि भिंगाला मावशींचा डोळा कायम उजवाच. घरात, रस्त्यात दोन डोळे मिळून सांभाळून घेत होते. काचेवर मात्र तो एकटाच काम करत होता.

त्यांनी कपाटातून सरावाची एक काच काढली. तिच्यावर ठसठशीत लंबगोल दीर्घिका होती, शिकाऊ माणसालाही न चुकणारी. उजव्या डोळ्याने पाहिलं. दीर्घिकेला दोन नाजूक हात फुटले होते, छान वळलेले. डाव्याने पाहिलं, तर गुळगुळीत डाग.

त्या वर्षात त्यांनी अठरा हजारांच्या वर दीर्घिका लिहिल्या होत्या. महिनाअखेरीला ती यादी संगणकवाल्यांकडे जायची होती. त्यावरून यंत्र शिकणार होतं आणि मग ज्या लाखो दीर्घिका माणसाने कधीच पाहिल्या नाहीत, त्यांचे प्रकार लावणार होतं. म्हणजे चूक वहीत बसून राहणार नव्हती. तिला पाय फुटणार होते.

प्रमुखबाईंची खोली वीस पावलांवर होती. मावशी दोनदा दारापर्यंत गेल्या आणि दोनदा परत आल्या. आधी स्वतःच तपासू, मग आकडा घेऊनच जाऊ, असं त्यांनी ठरवलं. चष्म्याच्या उजव्या काचेमागे कापूस कोंबला आणि डाव्या डोळ्याने पहिल्यापासून सुरुवात केली. कोणी विचारलं तर रांजणवाडी आली आहे म्हणायचं. जेवणाच्या सुट्टीतही त्या उठेनात.

चुका सापडत होत्या. दिवसाला सहा, कधी आठ. मग त्यांनी डोळा बिघडला तो दिवस शोधायचं मनावर घेतलं. तो दिवस सापडला की त्याच्या आधीचं सगळं शाबूत. गेल्या वर्षाच्या काचा काढल्या. तिथेही दोन चुका. दहा वर्षांपूर्वीच्या काढल्या, तिथे एक. एकोणीस वर्षांपूर्वीच्या एका काचेवर तर चक्क गोलाकार तारकागुच्छाला त्यांनी लंबगोल दीर्घिका म्हटलं होतं, स्वच्छ अक्षरात. तेव्हा डोळे ठणठणीत होते.  उजवा डोळा तेव्हापासूनच बिघडला आहे, की आता डावासुद्धा खोटं सांगतोय? कुठल्या डोळ्यावर विश्वास ठेवायचा, तेच कळेना.

त्यांचे यजमान लिफ्ट दुरुस्तीचं काम करत. मोजकं बोलणारा माणूस. एका संध्याकाळी मावशी स्वयंपाकघरात फरशीच्या रेघांकडे कधी एक डोळा मिटून, कधी दुसरा मिटून बघत होत्या. ते दारात येऊन उभे राहिले. अशी काय बघतेस असं विचारलं की मान अवघडली आहे, हे उत्तर त्यांनी चार दिवस ऐकून घेतलं होतं. आज ऐकलं नाही. मावशींनी सगळं सांगितलं.

ते पाट ओढून समोर बसले. मग म्हणाले, "लिफ्टच्या दोराची एक तार जरी तुटलेली दिसली, तरी मी लिफ्ट बंद करतो. बाकीच्या तारा मोजत बसत नाही. लोक शिव्या घालतात, जिने चढतात. तू लिफ्ट चालू ठेवून तारा मोजतेस."

"आकडा तरी हातात हवा ना, अहो."

"तो आकडा तुझ्याच डोळ्याने काढणार ना?"

दुसऱ्या दिवशी ते त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी चौकटीचौकटीचा कागद दाखवला, डोळ्याचे फोटो काढले आणि सांगितलं की उजव्या डोळ्याच्या पडद्यामागच्या बारीक शिरा पाझरत आहेत. डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागतील. लवकर आला असता तर बरं झालं असतं. डावा डोळा मात्र चांगला आहे. हे कधीपासून, असं मावशींनी विचारलं. तेवढं सांगता येणार नाही, चार महिने असतील, आठही असतील, असं उत्तर मिळालं. तो दिवस त्यांना शेवटपर्यंत मिळाला नाही.

डॉक्टरांकडून त्या तडक प्रमुखबाईंच्या खोलीत गेल्या. उभ्यानेच सांगितलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी फक्त विचारलं, "तुम्हाला कळून किती दिवस झाले?"

"सोळा."

"या सोळा दिवसांत मी सातशे दीर्घिका पुढे पाठवल्या, मावशी. पहिला हप्ता त्यांना लवकर हवा होता." बाईंचा आवाज चढला नाही, म्हणून ते जास्त लागलं. "डोळ्याचं मी समजू शकते. या सोळा दिवसांचं काय करू?"

 बाईंनी त्यांच्यादेखत संगणकवाल्यांना फोन लावला. यंत्राला शिकवायला नुकतीच सुरुवात झाली होती. ते सगळं पुसावं लागणार होतं, आणि त्यात तीन महिन्यांचा उशीर होणार होता.

दोन सहाय्यकांनी पूर्ण वर्षाची यादी नव्याने पाहिली. तेवढे आठवडे मावशी काचा पुसत आणि पाकिटांवर क्रमांक घालत बसल्या. शेजारच्या टेबलावर कोणी जरा थांबून राहिलं, की यांचा हात पाकिटावरच थांबे. अखेर आकडा आला. नऊशे सत्तर चुका, आणि त्यांतल्या बहुतेक गरीब बिचाऱ्या लंबगोल, नसलेले हात चिकटवलेल्या. मग जुन्या वर्षांच्या काचाही थोड्या थोड्या काढून पाहिल्या. तिथे मावशींच्या चुका हजारात तीन-चार निघाल्या, म्हणजे त्या दोघा सहाय्यकांच्या स्वतःच्या जुन्या याद्यांत निघाल्या तेवढ्याच. प्रमुखबाईंनी या वर्षाचा कागद आणि जुन्या वर्षांचा कागद त्यांच्यापुढे शेजारी शेजारी ठेवले.  मावशींनी दुसरा कागद पुन्हा पुन्हा वाचला. तेव्हापासून वेधशाळेत नियमच झाला, प्रत्येक दीर्घिका दोघांनी पाहायची, एकमेकांची वही न बघता.

पाच इंजेक्शनं झाली. प्रत्येक वेळी मावशी यजमानांचा हात दुखेपर्यंत धरून ठेवतात. चौकटीचा फुगवटा कमी झाला, गेला मात्र नाही. भिंग आता डाव्या डोळ्याला लागतं. वेग निम्म्यावर आला आहे. आणि वहीत, जिथे सव्वीस वर्षांत त्यांनी कधी काही लिहिलं नव्हतं त्या शेऱ्याच्या रकान्यात, दिवसातून दोनदा-तीनदा "खात्री नाही" असं लिहिलं जातं. सुट्टी साडेपाचला होते. त्याच दीर्घिका पाहणाऱ्या सहाय्यकाची वही जुळवून होईपर्यंत मावशी पिशवी मांडीवर घेऊन थांबतात.