कोमट माती

मागच्या पावसाळ्यात बायको गेली. तिची राख मी नदीत सोडली नाही. मुखेडच्या पुढे आमचं दोन एकर माळरान आहे; तिथे तिने आंब्यासाठी खणून ठेवलेल्या खड्ड्यात ती घातली आणि वर केसरचं कलम लावलं. तिच्या भावाला हे पटलं नाही. "गोदावरी असताना दगडात घालता?" तो म्हणाला. तो खड्डा तिने स्वतः उभं राहून खणून घेतला होता, एवढंच मला माहीत होतं. आता ते झाड जगायला हवं होतं.

जमीन घेतली तेव्हा लोक हसले होते. वीतभर माती, खाली मुरूम, त्याखाली चुनखडी. पहार मारली की ठिणगी उडायची. पहिली सीताफळं उन्हाळ्यात वाळली, नंतरची शेळ्यांनी खाल्ली. बायको खाली बसून रोपांभोवती पाण्यासाठी नवी आळी करायची. मी बांधावरच्या एकुलत्या कडुलिंबाखाली वाचत असे आणि झाडांविषयीचं एखादं वाक्य तिला ऐकवत असे.

"तुमच्या पुस्तकाला म्हणावं, एक घागर आणून दे," ती म्हणायची.

ती गेल्यावर घागर माझ्याकडे आली. सकाळी घातलेलं पाणी दुपारपर्यंत कुठे जायचं कळत नसे. मग पुस्तकातच आच्छादनाची युक्ती सापडली. शेजारच्या शेतकऱ्याला सगळे मामा म्हणतात. त्यांच्या सोयाबीनची मळणी झाली होती आणि यंत्रातून उडालेल्या भुसकटाचा, गुळीचा, ढीग पडला होता. तो त्यांनी मला नेऊ दिला. प्रत्येक झाडाच्या बुडात मी जाड थर दिला. गुळी उरली, म्हणून झाडांच्या ओळींमधूनही पसरली, थेट बांधापर्यंत.

मामा बघत उभे होते. "काय करून राहिले सर? झाडाला गोधडी पांघरून राहिले का?"

"ओल टिकते, मामा."

"मग उशी बी द्या की एखादी."

पण ओल टिकली. माघात आंब्याला तांबूस पालवी आली. मी तिला हातही लावला नाही.

फाल्गुन संपताना इकडे धुरे जाळतात. बांधावरचं वाळलं गवत, काट्याकुट्या पेटवून रान नांगरटीला मोकळं करतात. मामांनी आदल्या दिवशी हाक मारली, "सर, उद्या धुरा पेटवतो. चालतंय ना?"

"पेटवा की," मी पुस्तकातून मान वर न करता म्हणालो. दर वर्षी असंच म्हणत आलो होतो. जाळ आमच्या हद्दीपर्यंत यायचा आणि आपोआप विझायचा. आमच्या बाजूला जळण्यासारखं काही नसायचंच.

दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा दहाच्या एसटीने रानाजवळ उतरलो. लांबून धूर दिसला, त्याचं काही वाटलं नाही. जवळ गेलो तेव्हा माळावर सरळ काळ्या रेघा दिसल्या. बांधापासून प्रत्येक झाडापर्यंत. मी जशी गुळी अंथरली होती, तशाच.

मामा ओलं गोणपाट घेऊन उभे होते. हातावरचे केस जळलेले. "वारं फिरलं सर. लई मारलं, पर गुळीनं पेट धरला." मग हळूच म्हणाले, "मी इचारलं होतं तुम्हाला."

"हाव," मी म्हणालो. "विचारलं होतं."

आंब्याच्या जागी काळी काडी होती. आळ्यात करडी राख. मी बसलो आणि तिच्यात हात घातला. कोमट होती. बायको गेल्यावर तिसऱ्या दिवशी स्मशानात राख सावडताना हाताला लागली होती, अगदी तशीच. क्षणभर मला कळेना, आज कोणता दिवस आहे. मग कळलं, की खाली ती आहे आणि मी तिला पुन्हा जाळलं आहे. रडू आलं नाही. हात तसाच आत राहिला.

"सर, हात काढा," मामा घागर घेऊन आले होते. "पाणी घालू द्या. मूळ जित्तं असंल." त्यांनी पाणी ओतलं तेव्हा कडेची राख चरचरली.

बाकीची झाडं गेली. आंब्याला तीन आठवड्यांनी फूट आली, पण कलमाच्या जोडाखालून. मामांनी वाकून पाहिलं. "हे केसर न्हाई सर. खालच्या कोयीचं हाय, गावरान. नवं कलम बांधायला माणूस आणू का?"

"नको," मी म्हणालो. "त्याला आता कुणी काही करू नका."

आता गुळीचा कणही तिथे नाही. पाणी रोज लागतं. आधी आळ्यात तळवा ठेवतो, माती गार लागली की मग घागर रिकामी करतो. दहाची एसटी सोडून दिली आहे. पहिल्या गाडीने येतो. ऊन चढलं की माती तापते, आणि तापलेल्या मातीला मला हात लाववत नाही.